'फ्रीडम क्विल्टिंग बी' : गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेचा इतिहास

२६ मार्च १९६६ रोजी, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अॅलबामा राज्यात, विल्कॉक्स परगण्याचे ठाणे असलेल्या कॅम्डेन गावातील अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चमध्ये आसपासच्या खेड्यांतील कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र जमल्या आणि आपण शिवलेल्या गोधड्या आपणच, आपल्या नावाने आणि आपल्या हिशेबाने विकावयाच्या, असा ठराव करून त्यांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था स्थापन केली. या घटनेला ६० वर्षे होत असताना तिचा वृत्तान्त मराठी वाचकांपुढे ठेवण्याचे प्रयोजन असे की, ज्या काळी त्या परगण्यात कृष्णवर्णीय मनुष्याने मतदारयादीत नाव घालणे म्हणजे राहत्या घरावर पाणी सोडणे होते, त्या काळी केवळ सुई, दोरा आणि जुने कापड एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली ही संस्था ४६ वर्षे चालली. आणि तरीही आज तिचे नाव निघते ते बहुधा दुसऱ्याच एका गोष्टीची प्रस्तावना म्हणून. तिच्या शेजारच्या 'जीज बेंड' या वस्तीतील गोधड्या पुढे मोठमोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर गेल्या, त्यांची कीर्ती जगभर झाली, आणि त्या कीर्तीच्या छायेत ही संस्था झाकली गेली. संग्रहालयांनी जे केले ते मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु या संस्थेने जे साधले ते निराळ्या जातीचे होते, आणि त्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हा प्रदेश 'ब्लॅक बेल्ट' या नावाने ओळखला जातो. काळ्या कसदार मातीमुळे येथे कापसाच्या मोठमोठ्या जहागिरी वसल्या, आणि त्या जहागिरींवर राबण्यासाठी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची संख्या गोऱ्या मालकांहून पुष्कळच अधिक झाली. अॅलबामा नदीच्या एका मोठ्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीवर १८१६ साली जोसेफ जी या जमीनदाराने कापसाची लागवड मांडली. त्याच्याच नावावरून या वळणाला 'जीज बेंड' हे नाव पडले. १८४५ साली ती जहागीर मार्क पेटवे याच्या हाती गेली आणि त्याने उत्तर कॅरोलायनातील आपल्या मूळ जहागिरीवरून सुमारे शंभर गुलामांना पायी चालवत येथे आणले. आजही त्या वस्तीत घरोघर पेटवे हेच आडनाव आढळते, त्याचे कारण हे. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी जमीन मालकांचीच राहिली, आणि मुक्त झालेली कुटुंबे त्याच जमिनीवर अर्धेलीने किंवा खंडाने कुळे म्हणून राबू लागली. बी-बियाणे, खत, पीठ आणि मीठसुद्धा सावकाराकडून उधार घ्यावयाचे आणि कापूस निघाला की त्यातून कर्ज फेडावयाचे. आणि कापसाचा भाव पडला की कर्ज पुढल्या सालावर चढावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. कुळकायद्यापूर्वीचा कोकण आणि देश ज्यांनी पाहिला वा वाचला आहे, त्यांना या व्यवहाराचे निराळे स्पष्टीकरण नको.

१९३२ साली या दारिद्र्याचा कळस झाला. जीज बेंडमधील कुळांना उधारी देणारा सावकार वारला आणि त्याच्या वारसांनी वसुलीसाठी माणसे पाठविली. त्यांनी घरोघर फिरून गुरे, खेचरे, अवजारे, साठविलेले धान्य, जे हाती लागले ते जप्त करून नेले. तो हिवाळा त्या वस्तीने कसाबसा, रेडक्रॉसच्या शिध्यावर काढला. पुढे रूझवेल्ट यांच्या राजवटीत केंद्र सरकारने १९३७ साली ती जमीन विकत घेतली, तेथे नवी घरे बांधली आणि १९४० नंतरच्या वर्षांत अल्प व्याजाच्या कर्जावर ती घरे व शेते कुळांच्याच नावे करून दिली. ही गोष्ट सरकारी दप्तरातील एक साधी नोंद वाटेल. परंतु पुढील इतिहासाची किल्ली येथेच आहे. जीज बेंडमधील पुष्कळ कुटुंबे स्वतःच्या जमिनीची मालक झाली, आणि परगण्यातील इतर खेड्यांतील कुटुंबे मात्र गोऱ्या मालकाच्या मर्जीवर राहिली. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची स्वतःची होती, त्याला १९६५ साली मतदारयादीत नाव घालताना भय थोडे होते. दुसऱ्याच्या जमिनीवरील कुळाला त्याची किंमत बेदखलीने मोजावी लागली. या संस्थेने पुढे आपला पैसा प्रथम कोठे घातला हे पाहताना ही गोष्ट ध्यानी ठेवावयाची आहे.

गोधडी ही या स्त्रियांच्या संसारातील निकडीची वस्तू होती. लाकडी फळ्यांच्या घरांच्या फटींतून वारा आत येई, आणि एका खाटेवर तीन-चार मुले निजत. म्हणून एकेका घराला कित्येक गोधड्या लागत. कापड मिळे ते बहुधा झिजलेल्या कपड्यांतून: शेतात घालावयाच्या डेनिमच्या विजारी, सदरे, झगे, खताच्या व पिठाच्या पोत्यांचे कापड. विजारीच्या गुडघ्यावरचा भाग विटलेला असे, खिशाखालचा भाग मूळच्या निळ्या रंगाचा राही, आणि ही रंगांची विषमता गोधडीत जशीच्या तशी उतरे. पोटात घालावयाचा कापूस वेचणीनंतर शेतात उरलेला किंवा जिनातून पडलेला असे. तो काठीने झोडून झोडून मोकळा करावा लागे. शिवणे दोन टप्प्यांनी होई. प्रथम तुकड्याला तुकडा जोडून वरचा पदर सिद्ध करावयाचा. हे काम एकटीचे, दिवसाचे शेतकाम आणि रात्रीचे जेवण उरकल्यावर शेकोटीच्या उजेडात व्हावयाचे. त्यानंतर वरचा पदर, कापसाचा थर आणि अस्तर एकावर एक घालून लाकडी चौकटीवर ताणावयाचे आणि धावदोऱ्याने तिन्ही थर एकत्र बांधावयाचे. या कामाला शेजारच्या बायका येत, चौकटीच्या चारी अंगांनी बसत, आणि टाक्याबरोबर बोलणे, भजन व प्रार्थना चालत. अशा सामुदायिक बैठकीला त्या देशात 'बी' म्हणतात. आपल्याकडे वाकळ शिवताना दोन-तीन बायका अंगणात किंवा ओसरीवर बसतात, त्याच कुळीचा हा प्रघात.

नमुन्यांना नावे होती. चौकोनात चौकोन बसवीत छपरासारखा वाढत जाणारा 'हाउसटॉप', अस्वलाच्या पंजाच्या आकाराचा 'बेअर्स पॉ', आणि सर्वांत अवघड असा 'पाइन बर', ज्यात कापडाचे शेकडो त्रिकोण घड्या घालून, देवदाराच्या जातीच्या वृक्षाच्या बोंडावरील खवल्यांप्रमाणे एकावर एक बसवावे लागत. शेवटच्या नमुन्यात चायना ग्रोव्ह माइल्स यांचा हात विशेष बसलेला होता, आणि पुढे संस्थेतील इतरांनी तो त्यांच्याकडून घेतला. परंतु नाव एक असले तरी दोघींची गोधडी सारखी होत नसे. जवळ असलेल्या कापडाने आणि शिवणारीच्या नजरेने जे ठरविले तेच अखेरचे.

आता १९६५ साल. विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय लोक बहुसंख्य होते, आणि तरीही त्या वर्षाच्या प्रारंभी तेथील मतदारयादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. ज्यांना नाव घालावयाचे त्यांनी कॅम्डेनला कचेरीत जावयाचे. आणि जीज बेंडमधून कॅम्डेनला नेणारी नदीवरची तर १९६२ सालीच बंद करण्यात आली होती, त्यामुळे पैलतीरावर दिसणाऱ्या गावी पोचण्यासाठी सडकेने सुमारे ४० मैलांचा वळसा पडे. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पावसाळी रात्री जीज बेंडच्या चर्चमध्ये येऊन बोलले. पुढल्याच महिन्यात सेल्माहून माँटगोमेरीकडे जाणारा मोर्चा निघाला. ६ ऑगस्टला मतदानहक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. आणि २० ऑगस्टला शेजारच्या लाउंडिस परगण्यातील हेनव्हिल गावी जोनाथन डॅनियल्स या एपिस्कोपल पंथाच्या तरुण धर्मविद्यार्थ्याची, नागरी हक्कांच्या चळवळीत काम करीत असताना, गोळी घालून हत्या झाली. त्याने मागे ठेवलेले काम पुढे नेण्यासाठी सेल्मा येथे विविध पंथांच्या धर्मसंस्थांनी मिळून एक योजना उभी केली, आणि तिची धुरा मूळच्या अॅलबामातीलच असलेल्या फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मोपदेशकाने घेतली.

डिसेंबर १९६५ मध्ये, मतदारयादीत नाव घातल्याबद्दल कुळांना होणाऱ्या जाचाची माहिती गोळा करीत वॉल्टर विल्कॉक्स परगण्यात 'पॉसम बेंड' नावाच्या भागात हिंडत असता, एका घरापुढच्या दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्यांच्या धीट रंगांनी आणि आकृतींनी ते थबकले आणि चौकशीसाठी घराकडे वळले. परंतु अनोळखी गोरा मनुष्य आपल्या दिशेने येत आहे हे पाहताच घरातली बाई मागल्या रानात निघून गेली. संस्थेच्या जन्मकथेतील हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो तो गोधड्यांच्या सौंदर्यासाठी. प्रस्तुत लेखकाला त्यातील अधिक बोलका भाग वाटतो तो त्या बाईचे निघून जाणे. त्या परगण्यात गोऱ्या माणसाचे दाराशी येणे म्हणजे काय होते, हे त्याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. वॉल्टर पुढे ओळखीच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना घेऊन परत आले, लोकांशी बोलले, आणि त्यांच्या मनात आलेली कल्पना त्यांनी मांडली: गोधड्या विकत घ्यावयाच्या, न्यूयॉर्कला लिलावात विकावयाच्या, आणि येणारी रक्कम शिवणाऱ्या स्त्रियांच्या सामायिक कामासाठी ठेवावयाची. गावात एका गोधडीचे फार तर पाच डॉलर येत. त्यांनी दर गोधडीला दहा डॉलर देऊ केले. पहिला लिलाव न्यूयॉर्कमधील एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत २७ मार्च १९६६ रोजी, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी झाला, आणि गावातल्या दराच्या कितीतरी पट भाव आला.

मिंडर कोलमन या संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा. कारभाराची सूत्रे मात्र लवकरच एस्टेल विदरस्पून यांच्याकडे आली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्याकडेच राहिली. त्या आणि त्यांचे पती यूजीन हे दोघेही मतदानहक्काच्या चळवळीत आघाडीवर होते. संस्थेला स्वतःची इमारत मिळेपर्यंत विदरस्पून यांचे घर हेच तिचे कार्यालय, कोठार आणि शिवणघर होते. कापड कोणाला किती दिले, गोधडी किती दिवसांत आली, टाके कसे पडले, मजुरी किती द्यावयाची, गठ्ठा केव्हा रवाना करावयाचा, हा सारा जमाखर्च त्या घरातून चाले. संस्था काढणारे उत्साही असतात आणि चालविणारे चिकट असावे लागतात. विदरस्पून यांच्या ठायी हे दोन्ही गुण एकत्र होते, आणि संस्था टिकली ती त्यामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

बाहेरच्या जगात गोधड्यांचे स्वागत फार झपाट्याने झाले. 'व्होग' मासिकाच्या संपादिका डायना व्रीलँड यांच्यासारख्या फॅशनजगताच्या सूत्रधारांची नजर त्यांच्यावर पडली. श्रीमंतांची घरे सजविणारे सजावटकार मागण्या नोंदवू लागले. ली क्रॅस्नर या नामांकित चित्रकर्तीने स्वतः अॅलबामात येऊन गोधड्या घेतल्या. साऱ्या अमेरिकेत जोड-गोधडीच्या कलेविषयी जी नवी आवड त्या दशकात निर्माण झाली, तिला चालना देणाऱ्यांत या संस्थेचा वाटा मोठा होता, हे आज सर्वमान्य आहे. मग स्टॅनली सेलेंगट या न्यूयॉर्कच्या सल्लागाराच्या मध्यस्थीने ब्लूमिंगडेल या प्रख्यात दुकानाशी व्यवहार जमला, आणि येथे संस्थेच्या इतिहासातील सर्वांत बिकट प्रश्न उभा राहिला.

दुकानदाराला एकसारखा माल हवा होता. ज्या पलंगासाठी गोधडी मागविली त्याच मापाची, छापील पत्रकात दाखविलेल्याच रंगांची, आणि पहिलीसारखीच दहावी. त्यासाठी कापड ठाणांनी विकत आणावे लागले, पुठ्ठ्याचे साचे करावे लागले, इंचात किती टाके हे ठरवावे लागले, आणि जमले नाही ते उसवून पुन्हा करावयास सांगावे लागले. जी स्त्री आजवर समोरच्या चिंध्यांकडे पाहून मनाशी आकृती जुळवीत आली होती, तिला आता दुसऱ्याने आखून दिलेल्या रेषेवर चालावयाचे होते. जीज बेंडमधील काही बायकांना हे रुचले नाही आणि त्या घरीच आपल्या रीतीने शिवीत राहिल्या. पुढील काळातील कलासमीक्षकांनी यावरून संस्थेला दोष दिला आहे. त्यांच्या मते खरी कला घरी राहिली आणि संस्थेत राहिली ती कारागिरी. या मताशी प्रस्तुत लेखक सहमत होऊ शकत नाही. एक तर संस्थेत काम करणाऱ्या स्त्रिया घरी गेल्यावर आपल्या मुलाबाळांसाठी जशा हव्या तशाच गोधड्या शिवीत होत्या. दिवसा साच्याप्रमाणे शिवणारा हात रात्री मोकळा होत होता. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे असे की, कापूस वेचून मालकाच्या हिशेबवहीत नाव लावून घेण्यापलीकडे ज्यांना रोख पैशाचा मार्गच नव्हता, त्यांच्या हातात प्रथमच स्वतःच्या संस्थेकडून, स्वतःच्या कामाचा, स्वतःच मोजून घेतलेला मोबदला पडत होता. तो कोणत्याही जमीनदाराला परत घेता येण्याजोगा नव्हता. साच्याची शिस्त ही त्याची किंमत होती, आणि ती किंमत मोजावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रियांचा होता. त्यांनी तो बजावला.

संस्थेने आपल्या कमाईचे काय केले, हा या इतिहासाचा गाभा आहे. परगण्यातील अल्बर्टा या गावाजवळ तिने २३ एकर जमीन विकत घेतली. त्या जमिनीच्या एका भागावर शिवणघराची इमारत उभी राहिली, आणि उरलेल्या जमिनीचे तुकडे पाडून ते, मतदारयादीत नाव घातल्यामुळे मालकांनी घराबाहेर काढलेल्या आठ कुटुंबांना विकण्यात आले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर घर केले, ज्यांना एका सहीसाठी रस्त्यावर यावे लागले, त्यांच्या हाती गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या संस्थेने खरेदीखत दिले. सहकारी चळवळीच्या इतिहासात याहून मोठ्या रकमांचे व्यवहार पुष्कळ झाले असतील; यापेक्षा अधिक सार्थ व्यवहार प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

इमारत १९६९ साली झाली आणि तिला आदल्या वर्षी हत्या झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव देण्यात आले. येथे मराठी वाचकांना एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. १९५९ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंग सपत्नीक हिंदुस्थानात आले होते आणि मुंबईत त्यांनी गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या मणिभवनात मुक्काम केला होता. आणि त्याच मार्च महिन्यात, मणिभवनापासून फार दूर नसलेल्या गिरगावात, सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा तो उद्योग आरंभिला, जो पुढे 'लिज्जत' या नावाने देशभर पसरला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु घरातल्या स्त्रीला जे काम येतेच, त्याच कामाची संस्था बांधावी आणि करणारीनेच तिची मालकी घ्यावी, हा विचार भिन्न भूमींत जवळपास एकाच काळी रुजला, याची नोंद घेतल्यावाचून पुढे जाववत नाही.

नव्या इमारतीत १९७० साली मुले सांभाळण्याचे केंद्र सुरू झाले. आई चौकटीशी बसली असता लहान मूल कोठे ठेवावयाचे, या प्रश्नामुळे किती बायकांचे काम अडते, हे बाहेरून आलेल्या सल्लागारांना सुचले नसते. ते कामावर येणाऱ्यांनीच ठरविले. ग्रामीण दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या सहकारी संस्थांनी १९६७ साली जो महासंघ स्थापन केला, त्याच्या संस्थापक सभासदांत ही संस्था होती, आणि विदरस्पून यांचा त्या कामातही सहभाग राहिला. भरभराटीच्या काळात संस्थेची सभासदसंख्या दीडशेच्या घरात गेली होती. परगण्यात कारखाने थोडे. जे होते त्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांना जागा जवळजवळ नव्हती. अशा ठिकाणी दीडशे सभासदांची, स्वतःच्या जागेत चालणारी आणि स्वतःच्या निवडलेल्या पंचांच्या हाती कारभार असलेली संस्था म्हणजे त्या भागातील एक सत्ताच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु फॅशनची मर्जी फार काळ टिकत नाही. हाताने शिवलेल्या गोधडीला आठवडे लागतात आणि गिऱ्हाईक द्यावयास तयार असते ती किंमत त्या आठवड्यांचा मोबदला भरून काढीत नाही; ही अडचण सर्वच हस्तव्यवसायांची आहे आणि या संस्थेलाही ती चुकली नाही. म्हणून १९७२ साली सीअर्स रोबक या मोठ्या व्यापारी पेढीशी कॉर्डुरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवून देण्याचा करार झाला. हे काम यंत्रावरचे, एकसुरी होते, आणि त्यात कौशल्याला वाव थोडा. मात्र वर्षभर नियमित काम आणि नियमित मजुरी त्याने दिली. गंमत अशी की या रुक्ष करारातूनच गोधड्यांचा एक अनपेक्षित बहर आला. कापणीत उरलेल्या सोनेरी, शेवाळी, नारिंगी आणि लाल कॉर्डुरॉयच्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या, शेजारणींना दिल्या, आणि त्या जाड, मऊ, चकाकत्या कापडाच्या ज्या गोधड्या जीज बेंडच्या घरांत शिवल्या गेल्या त्या आज त्या वस्तीच्या उत्कृष्ट कृतींत गणल्या जातात. ज्यांनी संस्थेच्या साचेबंदपणाला नावे ठेवली, त्यांनी भिंतीवर टांगलेल्या या गोधड्यांचे कापड कोठून आले याची चौकशी करावयास हवी होती.

उतरतीचा काळ थोडक्यात सांगावा, कारण त्यात नाट्य नाही. संस्थापक सभासद वृद्ध झाल्या; तरुण मुली नोकरीसाठी शहरांकडे गेल्या; स्वस्त आयात गोधड्यांनी बाजार व्यापला; १९९० नंतरच्या दशकात वादळी हवेने इमारतीची हानी केली. १९९७ साली अॅलबामा राज्याने 'पाइन बर' या नमुन्याला राज्याची अधिकृत गोधडी म्हणून मान्यता दिली, आणि त्या मान्यतेत या परगण्याच्या स्त्रियांचा गौरव होता. परंतु दुसऱ्याच वर्षी एस्टेल विदरस्पून निवर्तल्या. त्याच सुमारास विल्यम आर्नेट हे संग्राहक जीज बेंडमध्ये येऊन घराघरांतील जुन्या गोधड्या घेऊ लागले. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. २००३ साली जीज बेंडमधील स्त्रियांची निराळी सामुदायिक संस्था निघाली. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. त्याच २००६ साली, ४४ वर्षांच्या खंडानंतर, कॅम्डेनला जाणारी तर पुन्हा सुरू झाली. मूळ संचालक मंडळातील अखेरच्या सदस्या नेटी यंग २०१० साली वारल्या, आणि २०१२ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' विधिपूर्वक विसर्जित झाली. संस्थेच्या जुन्या सभासद लूसी मिंगो यांना २०१५ साली, जीज बेंडमधील अन्य दोघींसमवेत, लोककलांसाठी दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान मिळाला, तेव्हा ती संस्था अस्तित्वात नव्हती. पुढच्या पिढीतील काहींनी तिचा वारसा सांगणारी नवी संस्था काढून ते नाव पुन्हा चालते केले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

संस्था बंद पडली म्हणून ती अयशस्वी झाली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आठ कुटुंबांची घरे तिच्या विसर्जनाबरोबर विसर्जित झाली नाहीत. तिच्या मजुरीवर शिकलेली मुले अशिक्षित झाली नाहीत. मतदारयादीतील नावे पुसली गेली नाहीत. ज्या कामासाठी ती निघाली होती ते काम तिने केले, आणि करणाऱ्या थकल्या तेव्हा ती थांबली.

हा सारा वृत्तान्त आज उपलब्ध आहे तो बव्हंशी नॅन्सी कॅलहन या लेखिकेमुळे. संस्था चालू असतानाच त्यांनी वॉल्टर, विदरस्पून आणि इतर सभासद स्त्रियांशी दीर्घ संभाषणे केली, कागदपत्रे पाहिली, आणि १९८७ साली अॅलबामा विद्यापीठातर्फे संस्थेच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो झाला नसता तर ज्यांची नावे येथे आली त्यांपैकी पुष्कळजणी केवळ वस्तीच्या आठवणीत उरल्या असत्या. आपल्याकडे गोधड्या, वाकळी, पापड, लोणची, विणकाम, भरतकाम अशा कामांच्या स्त्रियांच्या संस्था गावोगाव आहेत आणि त्यांतील अनेकींना ४०-५० वर्षे होऊन गेली आहेत. त्यांच्या पहिल्या बैठकीचा ठराव, पहिली हिशेबवही, पहिल्या सभासदांची यादी कोणाच्या तरी ट्रंकेत किंवा माळ्यावर पडलेली असते आणि ती जाणणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढे गेलेल्या असतात. या स्मरणिकेच्या वाचकांस विनंती एवढीच की, आपल्या परिचयाची अशी एखादी संस्था असल्यास त्या वह्या या वर्षातच बाहेर काढाव्यात, आणि त्या बाईंपाशी बसून, त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीखवार लिहून घ्यावे.